सम्राट मेल्यानंतरचा सोमवार

१९८३ सालच्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'चा शेवट सगळ्यांच्या लक्षात असतो. दुसरा डेथ स्टार फुटतो, सम्राट पॅल्पटीन मरतो, एंडॉरच्या जंगलात शेकोट्या पेटतात आणि इवॉक नाचायला लागतात. १९९७ साली जॉर्ज लुकसने सिनेमाची नवी आवृत्ती आणली, तेव्हा या जल्लोषात आणखी काही ग्रहांची भर पडली. त्यात राजधानी कोरसंटवर लोक सम्राटाचा पुतळा पाडताना दिसतात. संगीत चढतं, श्रेयनामावली सुरू होते, आपण खूश होऊन उठतो.

आता समजा, आपण त्या कोरसंटवरच राहत असतो. रात्री पुतळा पाडला, नाचलो, दमून झोपलो. सकाळ झाली. आज पाणी कोण सोडणार? पगार कोण देणार, आणि कुठल्या नाण्यात? कालपर्यंत ज्या शिपायाला बघून आपण रस्ता बदलायचो, तो आज गायब आहे. मग घरात चोर शिरला तर बोलवायचं कोणाला? तुरुंगातल्यांपैकी राजकैदी कोण आणि खरोखरचा खुनी कोण, हे कुठल्या कागदांवरून ठरवायचं? आणि ते कागद लिहिले होते कोणी?

सिनेमा हे प्रश्न विचारत नाही. त्याचं कामही नाही ते. पण गेल्या दहाएक वर्षांत 'स्टार वॉर्स'च्याच मालिका-कादंबऱ्यांनी या सोमवार सकाळकडे बघायला सुरुवात केली. जे दिसलं ते उत्साहवर्धक नव्हतं. सम्राटाच्या जागी आलेलं 'न्यू रिपब्लिक' अडखळत चाललं आणि जेमतेम तीस वर्षांत संपलं. २०१५ च्या 'द फोर्स अवेकन्स'मध्ये त्याची राजधानी होस्नियन प्राइम आणि आसपासचे ग्रह काही सेकंदांत जळून जातात. अनेक प्रेक्षकांना तर तेव्हा कळलंही नाही की आत्ता जे जळलं ते अख्खं सरकार होतं. त्या सरकारचं नीट दर्शन घडण्याआधीच ते गेलं.

असं का होतं? साम्राज्य पाडणारी माणसं शूर असतात, हुशार असतात, बहुतेकदा सज्जनही असतात. मग राज्य करायला बसली की ती इतकी चाचपडतात का? (पुढे 'स्टार वॉर्स', 'फाउंडेशन' आणि 'ड्यून'मधली कथानकं उघड होणार आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.)

वाईट माणसाचा चांगला प्रश्न

'द मँडलोरियन' ही मालिका २०१९ मध्ये सुरू झाली. कथेचा काळ सम्राट मेल्यानंतर साधारण पाच वर्षांचा. पहिल्याच भागात एक बारीकसा प्रसंग आहे. नायकाला कामाचे पैसे साम्राज्याच्या नाण्यांत देऊ केले जातात. साम्राज्य तर गेलं, असं तो म्हणतो. देणाऱ्याचं म्हणणं, नाणी अजून चालतात. इतिहासाच्या पुस्तकात सत्तांतराला एक तारीख असते. बाजारात ती तारीख हळूहळू पोचते.

त्याच मालिकेत साम्राज्याचा एक जुना सेवक आहे. त्याला नाव नाही, सगळे त्याला नुसतं 'क्लायंट' म्हणतात. वर्नर हेर्झोग या विख्यात जर्मन दिग्दर्शकाने ती भूमिका केली आहे. एका दृश्यात तो शांतपणे विचारतो की साम्राज्याने जिथे जिथे हात घातला तिथे सुरक्षितता आली, व्यापार आला, शिस्त आली; आता खिडकीबाहेर बघा आणि सांगा, क्रांतीनंतर जग जास्त शांत झालंय का?

हा माणूस खलनायक आहे. थोड्याच वेळात तो मरतोही. पण त्याचा प्रश्न मरत नाही, कारण खिडकीबाहेर खरंच चाचे आहेत, टोळ्या आहेत, बेकारी आहे. हा प्रश्न आपल्या ओळखीचाही आहे. 'इंग्रजांच्या काळात गाड्या वेळेवर धावायच्या' हे वाक्य घरातल्या कुठल्या ना कुठल्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं असतं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर नव्वदच्या दशकात रशियातल्या लाखो लोकांची बचत महागाईत वितळून गेली, तेव्हा त्यांनीही हाच प्रश्न विचारला. विचारणारे सगळे हुकूमशाहीचे भक्त नव्हते. त्यांना फक्त महिनाअखेर गाठायची होती.

क्लायंटला एक सरळ उत्तर आहे. साम्राज्याची शांतता फुकट नव्हती, तिचं बिल दुसऱ्याच्या पत्त्यावर जात होतं. २०२२ मध्ये आलेल्या 'अँडॉर'ने हे बिल उलगडून दाखवलं. नार्किना ५ नावाच्या तुरुंगात कैदी पांढरे कपडे घालून, अनवाणी, विजेच्या झटक्याच्या धाकाखाली दिवसभर कसले तरी सुटे भाग जोडत असतात. कार्यक्षमता अव्वल. टेबला-टेबलांत स्पर्धा लावलेली. शिक्षा संपलेल्या कैद्याला सोडत नाहीत, दुसऱ्या मजल्यावर पाठवतात. आणि हंगामाच्या अगदी शेवटी, श्रेयनामावलीनंतर, आपल्याला दिसतं की ते भाग डेथ स्टारसाठी होते. कोरसंटच्या उंच इमारतीत राहणाऱ्याला जे 'सुरळीत' वाटत होतं, ते या मजल्यांवर तयार होत होतं.

नवं सरकार आलं की पहिल्यांदाच हे बिल सगळ्यांसमोर टेबलावर येतं. कैदी सुटतात, म्हणजे फुकटचे मजूर संपतात. लुटलेल्या ग्रहांना भरपाई हवी असते. आधी जो खर्च कोणाच्या तरी पाठीवर लपवलेला होता, तो आता अर्थसंकल्पात लिहावा लागतो. म्हणजे नवं सरकार जास्त खर्चिक, जास्त संथ आणि जास्त भांडखोर दिसतं. त्यातला बराच भाग अपयश नसून फक्त दिसू लागलेलं वास्तव असतं. साम्राज्यात भांडण नव्हतं कारण भांडणारा जिवंत राहत नव्हता.

हे उत्तर बरोबर आहे. पण पुरेसं नाही.

नेव्हारोची तक्रार

पुरेसं का नाही, हे बघायला त्याच मालिकेच्या २०२३ मधल्या तिसऱ्या हंगामात जावं लागतं. नेव्हारो नावाच्या लहानशा ग्रहावर चाच्यांचं जहाज येतं आणि शहरावर तोफा डागायला लागतं. तिथला प्रमुख ग्रीफ कार्गा मदतीची याचना करतो. कार्सन टेव्हा हा न्यू रिपब्लिकचा वैमानिक तो निरोप घेऊन स्वतः कोरसंटला जातो. तिथे कर्नल टटल नावाचा अधिकारी कामाच्या ढिगाऱ्यामागे बसलाय. तो दुष्ट नाही. त्याचा मुद्दा इतकाच की नेव्हारो रिपब्लिकचा सदस्य नाही आणि आपल्या सदस्य ग्रहांचंच काम उरकत नाही. नियमाने बघितलं तर तो चुकत नाही. टेव्हा हात हलवत परत येतो. शेवटी नेव्हारोला सोडवतात ते मँडलोरियन, म्हणजे कुठल्याच सरकारचे नसलेले शस्त्रधारी लोक. बदल्यात त्यांना ग्रहावर जमीन मिळते.

नेव्हारोच्या दुकानदाराला 'साम्राज्याचं बिल कोण भरत होतं' हा युक्तिवाद ऐकवून बघा. तो म्हणेल, बरोबर आहे साहेब, पण माझं दुकान आज जळलं. सरकारच्या दुबळेपणाचंही बिल असतं आणि तेही कोणाच्या तरी पत्त्यावर जातंच. बहुधा सीमेवरच्या, ज्याची ओळख नाही अशा माणसाच्या. ज्या सरकारला आपले हात स्वच्छ ठेवायचे असतात, ते काही न करून हात स्वच्छ ठेवू शकत नाही.

इथून आपला नैतिक प्रश्न सुरू होतो. सत्तेची भीती वाटणं हा बंडखोराचा गुण आहे. तो नसता तर त्याने बंडच केलं नसतं. पण राज्यकर्ता झाल्यावर तोच गुण दुसऱ्यांच्या जिवावर बेतू शकतो. मग किती सत्ता वापरायची, आणि ती वापरताना आपण पुन्हा साम्राज्य होत नाही याची खात्री कशी पटवायची?

दोन टोकं: मॉन मॉथ्मा आणि पॉल अट्रायडीज

नव्या रिपब्लिकची पहिली प्रमुख मॉन मॉथ्मा. चक वेंडिगच्या 'आफ्टरमॅथ' या कादंबरीत ती प्रस्ताव मांडते की साम्राज्याविरुद्धचं युद्ध संपलं की सैन्य तब्बल नव्वद टक्क्यांनी कमी करायचं आणि उरलेल्यांनी ग्रहोग्रही स्थानिक सुरक्षा दलं उभी करायची. चाहत्यांमध्ये या निर्णयाची भरपूर टिंगल झाली. तीस वर्षांनी काय झालं ते बघा, असं म्हणून.

पण तिच्या जागी बसून विचार करा. आयुष्यभर तिने काय पाहिलं? २००५ च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मध्ये पॅल्पटीन सम्राट होतो तो बाहेरून हल्ला करून नव्हे. आधी युद्धाच्या नावाखाली त्याला खास अधिकार मिळतात, प्रचंड सैन्य मिळतं, आणि मग भरल्या सीनेटमध्ये टाळ्यांच्या गजरात तो साम्राज्य जाहीर करतो. 'तात्पुरतं' सैन्य कधीच घरी जात नाही, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ज्या तलवारीने आपण जिंकलो ती म्यान करण्याची तिची धडपड भाबडी नाही, ती अनुभवातून आलेली आहे.

तिला जे टाळायचं होतं ते फ्रँक हर्बर्टने आधीच लिहून ठेवलं होतं. 'ड्यून' (१९६५) हा पॉल अट्रायडीजच्या विजयाचा ग्रंथ वाटतो. अन्याय झालेला तरुण वाळवंटातल्या लोकांना सोबत घेतो आणि सम्राटाला सिंहासनावरून खाली खेचतो. पण १९६९ च्या 'ड्यून मसायाह'मध्ये बारा वर्षांनंतरचा हिशोब येतो. पॉलच्या नावाने चाललेल्या धर्मयुद्धात एकसष्ट अब्ज माणसं मेलेली आहेत आणि नव्वद ग्रह निर्जीव झालेले आहेत. पॉल दुष्ट नाही. त्याला हे थांबवायचं असतं. पण ज्यांच्या बळावर जिंकला त्यांना 'आता घरी जा' म्हणण्याची ताकद त्याच्याजवळ उरलेली नसते. पॉलचं सरकार अजिबात दुबळं नाही आणि हीच त्याची शोकांतिका आहे.

म्हणजे एका बाजूला तलवार टाकून दिलेलं सरकार, ज्याला शेवटी कोणीतरी जाळतं. दुसऱ्या बाजूला तलवार न सोडलेलं सरकार, जे स्वतःच जाळत सुटतं. मधला रस्ता काढा म्हणणं सोपं आहे. पण मला वाटतं, 'किती तलवार ठेवायची' या प्रश्नात आपण अडकतो तेव्हा खरी गोष्ट नजरेआड होते. ती दिसते एका खुर्चीत.

यंत्र तेच, फक्त बटण कमी

ही खुर्ची 'द मँडलोरियन'च्या 'द कन्व्हर्ट' या भागात आहे. माझ्या मते या सगळ्या पसाऱ्यातलं सत्तांतराबद्दलचं सर्वांत नेमकं लिखाण ते आहे.

डॉक्टर पर्शिंग हा साम्राज्यासाठी काम केलेला शास्त्रज्ञ. नव्या सरकारच्या माफी योजनेत तो आलाय. श्रीमंतांच्या एका सभेत तो आपल्या पश्चात्तापाचं भाषण करतो. भाषणानंतर भेटणाऱ्या उच्चभ्रू मंडळींच्या बोलण्यावरून कळतं की वर कोणाचं राज्य आहे याने त्यांना फारसा फरक पडलेला नाही. पर्शिंगला राहायला खोली मिळते, कारकुनी काम मिळतं, आणि नावाऐवजी क्रमांक मिळतो: एल ५२. त्याची ख्यालीखुशाली विचारायला एक यंत्रमानव आहे, जो ठरलेले प्रश्न ठरलेल्या आवाजात विचारतो. पर्शिंगला आपलं ज्ञान चांगल्या कामाला लावायचंय. पण त्याचं संशोधन बंदीच्या यादीत आहे. ते का बंद आहे, कुठल्या अटींवर चालू करता येईल, हे ऐकून घेणारं कोणी नाही.

एलिया केन, म्हणजे जी ६८, हीसुद्धा पूर्वीची साम्राज्याची अधिकारी. ती त्याच्याशी मैत्री करते, मोडीत काढलेल्या जहाजातून प्रयोगशाळेचं साहित्य आणायला उचकवते आणि तिथेच पकडून देते. मग पर्शिंगला त्या खुर्चीत बसवतात. साम्राज्याच्या काळी त्या यंत्राला 'माइंड फ्लेअर' म्हणत, माणसाचं मन सोलून काढणारं. पर्शिंग ते ओळखतो आणि घाबरतो. अधिकारी प्रेमाने समजावतो की घाबरू नका, आता याला वेगळं नाव आहे, आम्ही ते अगदी सौम्य ठेवतो, यात उपचार होतात. अधिकारी खोटं बोलत नाही. बटण खरंच खालच्या आकड्यावर आहे. मग तो खोलीबाहेर जातो, आणि एलिया शांतपणे बिस्किट खात ते बटण वर फिरवते.

नव्या सरकारांचं दुखणं या एका दृश्यात आहे. हेतू बदलला, भाषा बदलली, यंत्राचं नाव बदललं. यंत्र ठेवलं. आपण चांगली माणसं आहोत, आपण बटण खालीच ठेवू, असा भरवसा ठेवला. पण बटण शिल्लक आहे तोवर ते फिरवणारा कोणीतरी येणारच. आणि त्याला नवा कायदा, नवं खातं, काहीच उभं करावं लागणार नाही.

मराठी वाचकाला याचं सर्वांत जवळचं उदाहरण शोधायला आकाशगंगेत जायची गरज नाही. भारतीय दंडविधानाचं १२४-अ हे राजद्रोहाचं कलम इंग्रजांनी आणलं. त्याखाली लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये शिक्षा झाली आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची, मंडालेची. ज्या देशाच्या शाळांमध्ये तो खटला अभिमानाने शिकवला गेला, त्याच देशाच्या कायद्यात ते कलम स्वातंत्र्यानंतरही राहिलं. १९६२ मध्ये केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं, पण हिंसेला चिथावणी असेल तरच लावा असं म्हणून त्याचा अर्थ आवळला. म्हणजे बटण खाली केलं. पुढे वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी ते पुन्हा पुन्हा वर फिरवलं. २०२२ मध्ये न्यायालयाने त्याचा वापर स्थगित केला, आणि १ जुलै २०२४ पासून दंडविधानच गेलं. त्याच्या जागी आलेल्या न्याय संहितेत 'राजद्रोह' हा शब्द नाही, पण १५२ क्रमांकाचं कलम आहे. ते यंत्र मोडलं की त्याला नवं नाव दिलं, यावर वकील अजून वाद घालतात.

जुन्या हातांचं काय करायचं?

यंत्राची गोष्ट झाली, आता ते चालवणाऱ्यांची. एलियाने घात केला, तेव्हा साम्राज्याच्या माणसांना घेतलंच कशाला, असं कोणीही म्हणेल. पण त्यांना हाकलून दिलं तर काय होतं, याचाही नमुना आपल्यापुढे आहे. मे २००३ मध्ये इराकमध्ये पॉल ब्रेमर यांच्या अमेरिकी प्रशासनाने दोन आदेश काढले. पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातल्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढलं, दुसऱ्याने सैन्यच बरखास्त केलं. लाखो शस्त्र-प्रशिक्षित पुरुष एका फटक्यात बेकार आणि अपमानित झाले. त्यातले काही पुढे बंडखोर गटांत दिसले आणि काही आयसिसमध्ये.

याच्या उलट टोकाला सरदार पटेल. आयसीएसचे अधिकारी इंग्रजांचे हस्तक होते. त्यांच्याच राजवटीत स्वतः पटेल अनेकदा तुरुंगात गेले होते. तरी १० ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी या अधिकाऱ्यांच्या सेवाशर्तींना संरक्षण देण्याची बाजू ठामपणे लढवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की फाळणीच्या धुमश्चक्रीत देश ज्यांनी हातात धरून ठेवला, त्यांना दिलेला शब्द मोडून तुम्ही राज्य चालवू शकणार नाही. देश टिकला, त्यात या निर्णयाचा वाटा मोठा आहे. पण कलेक्टर कचेरीत अर्ज घेऊन तासन्‌तास उभा राहणारा शेतकरी, साहेबासमोर आपोआप वाकणारी मान, आणि 'वरून ऑर्डर नाही' हे वाक्य, हेही त्याच निर्णयाबरोबर आपल्याकडे आलं.

दोन्ही निर्णयांना किंमत होती. पटेलांचा निर्णय मला तरी बरा वाटतो, कारण त्यात निदान एक स्पष्टता होती. ठेवायचं तर नाव घेऊन, शब्द देऊन, जबाबदारी सोपवून ठेवायचं. न्यू रिपब्लिकने दोन्हीकडचं वाईट तेवढं उचललं. माणसं ठेवली, पण विश्वास दिला नाही. क्रमांक दिले, पण नजर ठेवली नाही. प्रामाणिक पर्शिंग त्यात चिरडला गेला आणि धूर्त एलिया वर चढत गेली. संशय आणि निष्काळजीपणा एकाच खात्यात सुखाने नांदू शकतात.

न ऐकणारं सरकार

आणखी एक सवय साम्राज्याकडून वारशाने येते, ती म्हणजे वाईट बातमी न ऐकण्याची. २०१६ च्या 'ब्लडलाइन' या क्लॉडिया ग्रेच्या कादंबरीत सीनेटचे दोन तट पडलेले आहेत: केंद्र बळकट हवं म्हणणारे आणि ग्रहांची स्वायत्तता हवी म्हणणारे. दोघांचे मुद्दे खरे आहेत आणि दोघेही एकमेकांना हरवण्यात इतके गुंतलेत की सभागृहाबाहेर नवं संकट उभं राहतंय हे कोणाला बघायचं नाही. लीयाला ते दिसतं. पण ती डार्थ व्हेडरची मुलगी असल्याचं उघड होतं आणि तिचा शब्द एका दिवसात कवडीमोल होतो. ती काय म्हणते यापेक्षा ती कोणाची मुलगी, हे मोठं ठरतं. शेवटी तिला सरकारच्या बाहेर 'रेझिस्टन्स' उभी करावी लागते. 'अहसोका' मालिकेतही हेच. सेनापती हेरा सिंडुला धोक्याचा इशारा देते आणि सीनेटची समिती तो झटकून टाकते.

म्हणून मला वाटतं, मॉन मॉथ्माने सैन्य कमी केलं म्हणून होस्नियन प्राइम जळलं हा निष्कर्ष घाईचा आहे. कमी सैन्यानेही जगता येतं, जर सीमेवरून आलेली तक्रार राजधानीत कोणी ऐकत असेल तर. टेव्हाचं ऐकलं नाही, लीयाचं ऐकलं नाही, हेराचं ऐकलं नाही. तलवार किती मोठी, याआधी कान किती उघडे, हा प्रश्न होता.

आयझॅक असिमोवच्या 'फाउंडेशन'मध्ये (पुस्तक १९५१, मूळ कथा १९४२ पासून) हीच गोष्ट जरा गमतीने येते. बारा हजार वर्षांचं आकाशगंगेचं साम्राज्य ढासळतंय. टर्मिनस या कोपऱ्यातल्या ग्रहावर विद्वानांचं मंडळ ज्ञानकोश लिहीत बसलंय. शेजारचं अनाक्रिऑन राज्य गिळायला टपलेलं आहे, आणि मंडळाचं म्हणणं, आपल्याला सम्राटाचं संरक्षण आहे. नगराध्यक्ष साल्व्हर हार्डिन कंठशोष करून सांगतो की सम्राटाची सत्ता इथवर पोचतच नाही. पण वर कोणीतरी आहे, तो बघून घेईल, ही सवय विद्वानांनाही सुटत नाही. साम्राज्य माणसांकडून सर्वांत मोठी गोष्ट काढून घेतं ती ही: आपलं आपल्याला बघावं लागेल ही जाणीव.

असिमोवचा हारी सेल्डन गणित मांडून सांगतो की साम्राज्यानंतर तीस हजार वर्षांचा अंधार येईल. नीट योजना केली तर तो हजार वर्षांवर आणता येईल. सर्वांत चांगल्या शक्यतेतही हजार वर्षं! पाच वर्षांत निराश होणाऱ्या आपल्याला हा आकडा जरा धीर देतो. पण सेल्डनच्या योजनेला एक अट आहे. ती यशस्वी व्हायची तर लोकांना ती कळता कामा नये. पडद्याआडून काही मूठभर शहाणे दोऱ्या ओढत राहणार. विज्ञानकथेतलं हे बहुधा सर्वांत यशस्वी सत्तांतर, आणि त्यात ज्यांच्यासाठी ते चाललंय त्यांना कोणी काही विचारलेलंच नाही. असं यश मिळत असेल तर ते घ्यावं का? मला नाही वाटत. नार्किनाच्या कैद्यालाही आपण कशाचे भाग जोडतोय हे कोणी सांगितलं नव्हतं. सेल्डनचा हेतू उदात्त आहे, पण माणसाला न सांगता वापरण्याची रीत तीच आहे.

क्लायंटला उत्तर

तर मग, क्रांतीनंतर जग जास्त शांत झालंय का? बहुतेकदा नाही. निदान लगेच तरी नाही. हे मान्य करून टाकलेलं बरं, कारण ते नाकारणारी सरकारं आकडे लपवायला लागतात आणि तिथून माइंड फ्लेअरची खोली फार दूर नसते.

पण क्लायंटने प्रश्न विचारतानाच एक लबाडी केली आहे. तो फक्त खिडकीबाहेर बघायला सांगतो. ज्या खोलीत तो स्वतः बसलाय तिथे काय चालायचं, हे विचारायची मुभा त्याच्या साम्राज्यात नव्हती. नव्या सरकारला तपासायचं तर दुसरे प्रश्न लागतात. नेव्हारोची तक्रार कुठे जाऊन अडकली, हे नेव्हारोच्या माणसाला कळू शकतं का? कर्नल टटलला कोणी जाब विचारू शकतं का? जुन्या यंत्रांची यादी कोणी जाहीर केली आहे का, आणि त्यातली कुठली मोडली आणि कुठली नुसती रंगवली? ज्याला क्रमांक दिलाय त्याला त्याचं नाव परत मागता येतं का? दुबळ्या सरकारकडेही या प्रश्नांची चांगली उत्तरं असू शकतात. बलाढ्य सरकारकडे ती नसूही शकतात. हात स्वच्छ ठेवणं कोणालाच जमत नाही. पण आपले हात लोकांना दाखवण्याची तयारी ठेवणं जमतं, आणि माझ्या मते बंडखोराने राज्यकर्ता होताना सोबत न्यावा असा गुण तो एवढाच आहे.

शेवटी थोडं आपल्याबद्दल, म्हणजे प्रेक्षकांबद्दल. १९९९ च्या 'द फँटम मेनेस'ची आजही खिल्ली उडवली जाते, कारण त्याची सुरुवात व्यापारी करांच्या वादाने होते आणि मधेच सीनेटची लांबलचक चर्चा आहे. लाइटसेबर बघायला आलेल्या माणसाला कर कशाला हवेत? मोबाइलवर बघताना तो सीन आला की अंगठा आपोआप दहा सेकंद पुढे जाणाऱ्या खुणेवर जातो. गंमत अशी की पॅल्पटीन त्याच सीनमध्ये सत्तेची पहिली पायरी चढतो, सगळ्यांसमोर, नियमाप्रमाणे, ठरावाच्या वाटेने. समित्या, हरकती, सूचना, कलमाच्या शब्दांवरचा वाद, हे कंटाळवाणं असतं यात शंका नाही. सम्राट मेल्यानंतरच्या सोमवारी मात्र करण्यासारखं काम तेवढंच उरलेलं असतं, आणि ते पुढे ढकलत राहिलं तर ते कोणीतरी दुसरा, आपल्याला न विचारता, करून टाकतो.